मुर्योंग राजाची कबर: चीन, कोरिया आणि जपानचा इतिहास वेगवेगळा सांगता येतो का?

खापरतुकडा (धागाकर्ता)

१९७१ च्या जुलैमधली गोष्ट. दक्षिण कोरियातल्या गोंगजू इथे जुन्या राजकबरींत पाणी झिरपू नये म्हणून चर खणायचं काम चालू होतं. खणताना विटा लागल्या आणि आत एक न लुटलेली कबर निघाली. आत शिरतानाच कोरीव लेख सापडला: बेकजे या प्राचीन कोरियन राज्याचा राजा, मृत्यू इ.स. ५२३. प्राचीन कोरियातल्या राजकबरी पुष्कळ आहेत, पण आत कोण झोपलंय हे लेखी सांगणाऱ्या फारच थोड्या. हा राजा मुर्योंग.

मला या कबरीबद्दल लिहावंसं वाटलं ते तिच्यात काय काय वापरलंय ते वाचून. विटांची कमानदार बांधणी दक्षिण चीनमधल्या ल्यांग राजवटीच्या पद्धतीची. लेखात राजाच्या नावाआधी सेनापतीची जी पदवी येते ती ल्यांग सम्राटाने ५२१ मध्ये दिलेली. कबरीची जागा भूमिदेवतांकडून विकत घेतल्याचा करार दगडावर कोरलाय आणि त्यावर ल्यांगची लोखंडी नाणी ठेवलीत. शवपेट्यांचं लाकूड मात्र कोयामाकी नावाच्या झाडाचं, जे निसर्गतः जपानातच वाढतं. मुकुटाचे सोन्याचे अलंकार अस्सल बेकजेच्या कारागिरीचे. आणि इ.स. ७२० मध्ये पुऱ्या झालेल्या 'निहोन शोकी' या जपानी बखरीत म्हटलंय, की हा राजा जपानच्या दक्षिणेकडच्या क्यूशू बेटाजवळच्या एका छोट्या बेटावर जन्मला.

याच्या पुढचा दुवा आजच्या काळात येतो. सम्राट कान्मू (ज्याने ७९४ मध्ये राजधानी आजच्या क्योतोला आणली) याची आई मुर्योंगच्या वंशातली होती, असं 'शोकु निहोंगी' या जपानी दरबारी इतिहासात नोंदलंय. डिसेंबर २००१ मध्ये जपानचे तेव्हाचे सम्राट अकिहितो यांनी वाढदिवसाच्या पत्रकार परिषदेत स्वतः या नोंदीचा उल्लेख केला आणि त्यामुळे कोरियाशी आपलं नातं जाणवतं, असं सांगितलं. १९१० ते १९४५ अशी ३५ वर्षं जपानने कोरियावर राज्य केलं, हे लक्षात घेतलं तर त्या एका वाक्याचं वजन कळेल.

आपल्याकडे शाळेत पूर्व आशिया म्हणजे चीनचा धडा वेगळा, जपानचा वेगळा आणि कोरियाचा बहुतेक नाहीच. माझं म्हणणं असं, की ही मांडणीच चुकीची आहे. या लोकांचा इतिहास येण्याजाण्याचा इतिहास आहे. कोण गेलं, काय घेऊन गेलं, खुशीने गेलं की दोरखंड बांधून नेलं, हे विचारत गेलो तरच तो नीट दिसतो. जाणकारांनी भर घालावी, आणि पटलं नाही तर तसंही लिहावं.

---

गाळपेर

उत्तम विषय. अश्मयुगापासून सुरुवात करतो, कारण हे येणंजाणं राजांच्या फार आधीचं आहे.

बुसान बंदराजवळ दोंगसाम-दोंग इथे शिंपल्यांचा नवाश्मयुगीन ढिगारा आहे. तिथे क्यूशूमधला ज्वालाकाच (हत्यारांसाठी वापरला जाणारा काळा काचेसारखा दगड) आणि जोमोन (जपानातले शेतीपूर्व काळातले शिकारी लोक) घाटणीची मडक्यांची खापरं मिळालीत. म्हणजे भातशेती नव्हती, राज्यं नव्हती, तेव्हाही माणसं होडीने सामुद्रधुनी ओलांडत होती. त्सुशिमा बेट बुसानपासून जेमतेम ५० किलोमीटर. स्वच्छ हवेत किनारा दिसतो.

मडकी हा तर या भागाचा मोठा मान आहे. चीनच्या ज्यांगशी प्रांतातल्या श्यानरेनदोंग गुहेतली खापरं सुमारे २०,००० वर्षांपूर्वीची, आणि उत्तर जपानातल्या ओदाई यामामोतो इथली १६,००० वर्षांहून जुनी. दोन्हीकडचे लोक शिकारी होते. शेती आली, मग मडकं आलं, हा आपला समज तिथे लागू पडत नाही.

भात यांगत्झेच्या खालच्या खोऱ्यात माणसाळला, बाजरीच्या जातीची भरडधान्यं उत्तर चीनमध्ये. भात तिथून कोरियात आणि कोरियातून उत्तर क्यूशूत. कार्बन कालमापन सुधारल्यावर जपानातल्या ओल्या भातशेतीची सुरुवात इ.स.पूर्व १० व्या-९ व्या शतकापर्यंत मागे गेली. शेती एकटी गेली नाही. बांध घालणारी, रोपं लावणारी माणसं गेली. प्राचीन डीएनएच्या अभ्यासातून आता स्पष्ट आहे, की आजच्या बहुसंख्य जपानी लोकांचे बरेचसे पूर्वज मुख्य भूमीवरून आले. जोमोन लोकांचा वाटा त्यांच्यात कमी, ओकिनावात जास्त आणि होक्काइदोच्या आयनू लोकांत सर्वांत जास्त.

---

उंबरठा

खापरतुकडा, लेख आवडला, पण एक शंका आहे. लिपी चीनची, कन्फ्यूशियस चीनचा, परीक्षापद्धत चीनची, बौद्ध ग्रंथांची भाषांतरं चीनची. मग 'सामायिक इतिहास' असं गोड नाव देऊन आपण चीनच्या प्रभावाचाच इतिहास सांगत नाही का?

---

जुनी पोथी

उंबरठा, प्रश्न रास्त आहे. मी पोथ्यांच्याच बाजूने उत्तर देते.

तांग राजवट कोसळल्यानंतरच्या धामधुमीत चीनमध्ये त्यानताई या बौद्ध पंथाचे कितीतरी ग्रंथ नाहीसे झाले. १० व्या शतकात चीनमधल्या वूयुए राज्याच्या राजाने ते कोरियाकडे मागितले आणि गोर्यो या तेव्हाच्या कोरियन राज्याच्या दरबाराने चेग्वान नावाच्या भिक्षूबरोबर पाठवले. चीनमधला तो पंथ पुन्हा उभा राहिला त्यात या कोरियन प्रतींचा मोठा वाटा आहे.

दुसरं उदाहरण त्याहून मोठं. मंगोल स्वाऱ्या चालू असताना, १३ व्या शतकात कोरियात त्रिपिटकाचे (बौद्ध धर्मग्रंथांच्या संग्रहाचे) ८१,२५८ लाकडी ठसे कोरले गेले. ते आजही हेइन्सा मठात आहेत. जपानी सरदार आणि शोगुन (लष्करी शासक) या ठशांवरून छापलेल्या प्रतींसाठी शतकानुशतकं वकील पाठवत राहिले. आणि १९२४ ते १९३४ मध्ये तोक्योत चिनी त्रिपिटकाची जी आवृत्ती निघाली, जी आज जगभरचे अभ्यासक वापरतात, तिचा मूळ पाठ या कोरियन ठशांचा आहे. भारतातून गेलेला ग्रंथ, चिनी भाषांतर, कोरियन कोरीव काम, जपानी संपादन. यातला एक हात काढला तर ग्रंथ उरत नाही.

आता आपल्या घरची आठवण. ह्युएनत्संग महाराष्ट्रात पुलकेशीच्या राज्यात आला आणि इथल्या माणसांबद्दल लिहून गेला, हे आपण शाळेत शिकतो. तो ६४५ मध्ये चीनच्या राजधानीत, छांगआनला परतल्यावर त्याच्याकडे शिकलेल्यांत कोरियाचा वोनच्युक होता आणि ६५३ मध्ये जपानहून आलेला दोशो होता. दोशो मायदेशी गेला आणि त्याने गुरूचा योगाचार हा बौद्ध तत्त्वविचार तिथे रुजवला. या दोशोचं घराणंही मूळचं बेकजेहून आलेलं.

---

खापरतुकडा (धागाकर्ता)

जुनी पोथी, मनापासून आभार. बेकजेहून आलेल्यांचा विषय निघालाच आहे तर ६६३ ची लढाई सांगायला हवी.

६६० मध्ये तांग चीन आणि सिल्ला हे दुसरं कोरियन राज्य यांनी मिळून बेकजे बुडवलं. ते परत उभं करायला जपानच्या यामातो दरबाराने आरमार पाठवलं. ६६३ मध्ये बेकगांग नदीच्या मुखाशी त्याचा धुव्वा उडाला. चिनी बखरी ४०० जहाजं जाळल्याचं सांगतात. बेकजेचे सरदार, कारागीर, लेखनिक कुटुंबांसह जपानात आले. पुढच्याच दोन वर्षांत क्यूशूत मिझुकीचा तट आणि ओनोचा डोंगरी किल्ला उभा राहिला. ओनोच्या बांधकामावर देखरेख बेकजेच्या सरदारांची होती.

नारा इथल्या तोदाइजीचा महाबुद्ध सगळ्यांनी फोटोत पाहिला असेल. त्याच्या घडणीचा प्रमुख कुनिनाका नो किमिमारो हा या निर्वासितांपैकी एकाचा नातू. मूर्तीच्या मुलाम्यासाठी सोनं कमी पडत होतं, ते ७४९ मध्ये उत्तरेकडून मिळवून देणारा अधिकारी बेकजेच्या राजवंशातला. आणि ७५२ मध्ये मूर्तीचे डोळे रेखण्याचा विधी केला बोधिसेन या भारतीय भिक्षूने. त्याच्या हातातल्या कुंचल्याला लांब दोऱ्या बांधल्या होत्या आणि जमलेले लोक त्या धरून उभे होते. जपानला येताना त्याच्याबरोबर आजच्या व्हिएतनाममधल्या चंपा राज्याचा एक भिक्षूही होता. मला या समारंभाबद्दल वाचताना दर वेळी भरून येतं.

---

काठावरचा

सगळं वाचतोय आणि शिकतोय. तरी एक गोष्ट स्पष्टपणे मांडली पाहिजे, नाहीतर चित्र एकतर्फी होईल.

'आपण सगळे एकाच रक्ताचे' हे वाक्य पूर्व आशियात निष्पाप नाही. जपानी आणि कोरियन लोकांचे पूर्वज एकच, असा सिद्धांत जपानी विद्वानांनी मांडला आणि १९१० मध्ये कोरिया गिळताना तोच पुढे केला गेला: हे आक्रमण नव्हे, दुरावलेले भाऊ एकत्र येताहेत. १९४० मध्ये त्याच 'एकत्वा'च्या नावाखाली कोरियन लोकांना जपानी पद्धतीची नावं घ्यायला लावली. शाळांतून कोरियन भाषा हद्दपार झाली. 'बृहत् पूर्व आशिया सहसमृद्धी क्षेत्र' ही घोषणाही त्याच वर्षीची. तेव्हा १९३७ चं नानजिंग, म्हणजे जपानी सैन्याने त्या चिनी शहरात केलेलं हत्याकांड, घडून गेलं होतं.

म्हणजे मुर्योंगच्या कबरीतलं लाकूड खरं, सम्राटाच्या आईची नोंद खरी, आणि तसल्याच पुराव्यांच्या आधारे दडपशाहीही झाली. १९९१ मध्ये किम हाक-सून या आजींनी जपानी लष्कराच्या लैंगिक गुलामगिरीबद्दल स्वतःचं नाव सांगून पहिल्यांदा जाहीर साक्ष दिली. त्यांच्यासमोर सामायिक वारशाच्या गोष्टी सांगायची माझी हिंमत झाली नसती.

---

खापरतुकडा (धागाकर्ता)

काठावरचा, तुमचा प्रतिसाद या धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा आहे. म्हणूनच मी सुरुवातीला 'दोरखंड बांधून' हे शब्द घातले होते. 'सामायिक' म्हणजे 'एकच' नव्हे, आणि कुणाच्या मालकीचं तर नव्हेच. दोन घरांत पिढ्यानपिढ्या सोयरीक असली म्हणून एकाने दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर नाव चढवायचं नसतं.

त्या दोरखंडाचीच एक कहाणी. जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याने १५९२ मध्ये कोरियावर स्वारी केली. सात वर्षांच्या त्या युद्धात कोरियन आणि चिनी सैनिकांची, गावकऱ्यांची कापलेली नाकं मिठात घालून जपानला पाठवली गेली. क्योतोत ती पुरलेलं टेकाड आजही आहे. परतताना सरदारांनी हजारो कोरियन पकडून आणले. त्यांत कुंभार होते. यी साम-प्योंग या कुंभाराला १६१६ च्या सुमारास आरिता इथे योग्य माती सापडली आणि जपानात चिनी मातीची भांडी घडू लागली, असं परंपरा सांगते. मिंग राजवट कोसळून चीनमधला माल अडला तेव्हा डच कंपनीने आरिताचा माल युरोपात नेला. म्हणजे युरोपने ज्याला जपानी म्हणून डोक्यावर घेतलं त्याच्या मुळाशी पळवून आणलेले कोरियन हात आहेत. आरिताच्या लोकांनी यी साम-प्योंगला देवळात बसवलंय, हेही सांगायला हवं.

दुसरा गट नामवोनहून १५९८ मध्ये सात्सुमात, आजच्या कागोशिमात नेला गेला. नाएशिरोगावा हे त्यांचं गाव. सात्सुमाच्या सरदाराने त्यांना कोरियन नावं आणि कोरियन पेहराव टाकू दिला नाही. जवळजवळ तीनशे वर्षं ते तिथे परके म्हणूनच राहिले. १८८२ मध्ये याच गावात पाक आडनावाच्या घरात एक मुलगा जन्मला. चार वर्षांनी वडिलांनी जपानी आडनाव घेतलं. तो मुलगा तोगो शिगेनोरी, पर्ल हार्बरच्या वेळचा जपानचा परराष्ट्रमंत्री. १९४५ मध्ये तो पुन्हा त्या पदावर आला आणि शरणागती पत्करावी म्हणून मंत्रिमंडळात अखेरपर्यंत झगडला. युद्धानंतर जपानी नेत्यांवर चाललेल्या तोक्योच्या युद्धगुन्हे खटल्यात २० वर्षांची शिक्षा झाली, १९५० मध्ये कैदेत असतानाच गेला.

या माणसाला कोणत्या देशाच्या पुस्तकात घालायचं? जपानी म्हणून तो दोषी ठरला, आणि कोरिया त्याच्या राज्याखाली भरडला जात होता. पूर्वज मात्र कोरियातून पकडून आणलेले. मला उत्तर सापडलेलं नाही.

---

सिद्धेश्वर तळं

सोलापूरचा असल्यामुळे तोक्योचा खटला आणि चीनचं युद्ध वाचल्यावर गप्प बसवत नाही. डॉ. द्वारकानाथ कोटणीस आमच्या गावचे. १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून जपानविरोधी युद्धात होरपळणाऱ्या चीनला गेले, आघाडीवर शस्त्रक्रिया करत राहिले, तिथल्या क्वो छिंगलान यांच्याशी लग्न केलं. ९ डिसेंबर १९४२ ला वयाच्या ३२ व्या वर्षी तिथेच गेले. मुलाचं नाव यिनह्वा, म्हणजे भारत-चीन. शिज्याझ्वांगला त्यांची समाधी आहे आणि चीनमध्ये त्यांना आजही मानतात.

दुसरीकडे तोक्योच्या खटल्यात सर्व आरोपींना निर्दोष म्हणणारे एकमेव न्यायाधीश राधाबिनोद पाल. जपानमध्ये त्यांचं स्मारक युद्धात मेलेल्यांना वाहिलेल्या यासुकुनी मंदिराच्या आवारात आहे, जिथल्या भेटींवरून चीन आणि कोरिया दर वेळी निषेध करतात. दोघेही आपलेच. एकाच युद्धाच्या दोन आठवणींत दोन वेगवेगळ्या भारतीयांना मानाचं पान आहे, हे आपण इथे बसून विसरतो.

---

गाळपेर

वाद आजही चालू आहेत आणि ते फक्त २० व्या शतकाचे नाहीत. गोगुर्यो हे प्राचीन राज्य आजचा उत्तर कोरिया आणि मांचुरिया (ईशान्य चीन) दोन्हीकडे पसरलेलं. त्याच्या ग्वांगेतो राजाचा ४१४ मधला ६ मीटरहून उंच शिलालेख आज चीनच्या जिलिन प्रांतात उभा आहे. त्यातल्या ३९१ सालच्या ओळीतून 'जपानने समुद्र ओलांडून बेकजे-सिल्ला जिंकले' असा अर्थ जपानी लष्करी वर्तुळात काढला गेला. कोरियन अभ्यासकांनी तो नाकारला. १९७० च्या दशकात जपानी लष्कराने अक्षरं बदलल्याचाही आरोप झाला. शिलालेखावरून कागदावर घेतलेल्या जुन्या ठशांच्या तुलनेनंतर तो टिकत नाही, असं आता बरेच अभ्यासक मानतात. २००२ पासून चीनच्या सरकारी संशोधन प्रकल्पाने गोगुर्योला चीनचं प्रादेशिक राज्य ठरवलं तेव्हा सोलमध्ये निदर्शनं झाली. २००४ मध्ये सूचौच्या बैठकीत युनेस्कोने उत्तर कोरियातल्या गोगुर्यो कबरी आणि चीनमधल्या गोगुर्यो कबरी अशा दोन वेगळ्या नोंदी जागतिक वारशात घेतल्या. मृत राज्य एकच, सीमा आजची.

---

रानफूल

इतक्या गंभीर चर्चेत माझी छोटी भर. उपासाचं रताळं! अमेरिकेतून फिलिपिन्समार्गे १६ व्या शतकाच्या अखेरीला चीनच्या फूज्येनमध्ये, तिथून १६०५ ला र्युक्यूत म्हणजे आजच्या ओकिनावात, १७०५ च्या सुमारास सात्सुमात. १७६३ मध्ये जपानला निघालेल्या कोरियन वकिलातीचा प्रमुख जो ओम याने त्सुशिमात ते पाहिलं आणि बियाणं कोरियाला पाठवलं. दुष्काळात या कंदाने तिन्हीकडे जीव वाचवलेत. र्युक्यू हे तेव्हा स्वतंत्र राज्य होतं, चीनला आणि सात्सुमाला दोघांनाही खंडणी देणारं. १८७९ मध्ये जपानने ते खालसा केलं. धाग्यात त्याचंही नाव यावं.

---

उंबरठा

माझ्या शंकेचं उत्तर मिळालं, धन्यवाद. व्हिएतनामचंही थोडं: १५९७ मध्ये पेकिंगच्या दरबारात कोरियाचा वकील यी सू-ग्वांग आणि व्हिएतनामचा फुंग खाक ख्वान भेटले. बोली एकमेकांना कळत नव्हती. कागदावर चिनी अक्षरं लिहून गप्पा मारल्या, एकमेकांना कविता दिल्या. जपानी सैन्य तेव्हा कोरियात घुसलेलं होतं. अशी सोय पुढे आटत गेली. त्या अक्षरांवर उभ्या असलेल्या सरकारी परीक्षा कोरियाने १८९४ मध्ये बंद केल्या, चीनने १९०५ मध्ये, व्हिएतनाममध्ये शेवटची १९१९ ला झाली.

या देशांतल्या लोकांनी मिळून इतिहास लिहायचा प्रयत्न केलाय का?

---

जुनी पोथी

हो, उंबरठा, केलाय. २००१ मध्ये जपानात आक्रमणाची बाजू सौम्य करणाऱ्या एका पाठ्यपुस्तकावरून वादळ उठलं. त्यानंतर चीन, जपान आणि दक्षिण कोरियातले अभ्यासक, शिक्षक आणि नागरिक संघटना एकत्र बसल्या. २००५ मध्ये आधुनिक इतिहासाचं एक सामायिक पुस्तक तिन्ही भाषांत निघालं. सरकारी नव्हे, पूरक वाचनाचं. त्यावर टीका झाली ती खापरतुकडांच्या प्रश्नासारखीच: तीन देश शेजारी शेजारी मांडलेत, एकमेकांत विणलेले नाहीत.

म्हणून तेच लोक पुन्हा बसले. २०१२ मधल्या दुसऱ्या ग्रंथाचा एक खंड आंतरराष्ट्रीय संबंधांचा आहे, आणि दुसऱ्यात देशवार प्रकरणं टाळून विषय घेतलेत: रेल्वे, शहरं, कुटुंब, शाळा, स्थलांतर, युद्धाची स्मृती. रेल्वेचंच घ्या. बुसान ते सोल मार्ग जपानने १९०५ मध्ये सुरू केला, १९११ मध्ये यालू नदीवर पूल झाला आणि गाड्या सरळ मांचुरियात जाऊ लागल्या. त्याच रुळांवरून सैन्य गेलं, तांदूळ गेला, शिकायला निघालेली मुलं गेली, आणि जमिनी गमावलेले कोरियन शेतकरी उत्तरेला गेले. त्यांचे वंशज आज चीनच्या यानब्यान भागात राहतात आणि कोरियन बोलतात. रेल्वे कुणाची, हा प्रश्न तिथे पहिला येत नाही. कोण बसलं आणि का, हा येतो.